आखातातली मोजदाद

"अगं, एवढा काय विचार करतेस? देवमासे वाढले म्हणून लिही आणि मोकळी हो!" दादा प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडला. अंगाला डिझेलचा वास, आणि आनंद तर चेहऱ्यावर मावत नव्हता.

तिने मान वर केली नाही. सकाळपासून ती तेच गणित पुन्हापुन्हा संगणकाला घालत होती, आणि तो मेला पुन्हापुन्हा तेच उत्तर देत होता. तिने कुप्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या, यंत्र बंद करून चालू केलं, चहा केला आणि प्यायला विसरली. जीव थाऱ्यावर नव्हता.

आखातातल्या देवमाशांची संख्या ठरलेल्या आकड्यावर गेली, तर ते अडकून मरतात म्हणून जाळ्यांवर घातलेली बंदी उठणार होती. बंदी आली तेव्हा दादाची होडी किनाऱ्याला लागली ती लागलीच. मग तिनेच शब्द टाकून त्याला सरकारी लाँचवर कामाला लावलं. देवमासा वर आला की बोथट बाण मारायचा आणि बाणाला चिकटून आलेला कातडीचा तुकडा कुपीत भरायचा. यंदा दादाने खोका भरून कुप्या आणल्या होत्या. वहिनीने तर त्याच जोरावर होडी रंगवायला काढली होती.

"दादा, बस जरा."

"बसायला वेळ कुणाला आहे? डॉक्टरीणबाई, आकडा सांगा आकडा!"

"कुप्या पुष्कळ आहेत रे. मासे नाहीत."

"म्हणजे?"

"प्रत्येकाच्या कातडीतला डीएनएचा ठसा वेगळा असतो, आपल्या अंगठ्यासारखा. इथे तेच तेच ठसे येतायत. मासे खूप असते तर दरवेळी नवा भेटला असता. आहेत ते मोजके, आणि तेही बहुतेक एकमेकांचे सख्खे नाहीतर चुलत."

दादाचं हसू मावळायला वेळ लागला. "तुझं यंत्र बिघडलंय. मी डोळ्यांनी बघितलेत! रोज एक नवा लाँचला अंग लावायला यायचा."

"मलाही वाटलं बिघडलंय. बिघडलेलंच असावं म्हणून..." सख्ख्या भावाच्या पोटावर आपण पाय देतोय, हे तिला सहन होत नव्हतं. आकडा जरा फुगवला तर कोण बघणार आहे, असंही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती. "बंदी नाही उठायची, दादा."

तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा खिडकीशी गेला.

"आणि ते अंग लावायला येणारे?"

"ती एकच मादी आहे. अकरा कुप्या तिच्या एकटीच्या."

दादा मटकन स्टुलावर बसला. "अकरा वेळा बाण मारला मी तिला? आणि तरी येत होती?"

"बाकीच्यांशी तिचं काही नातंच लागत नाही. तिचं असं कुणी उरलेलं दिसत नाही."

वहिनीचा फोन वाजून वाजून थांबला. दादाने तो घेतला नाही.

"पुढच्या महिन्यात परत मोजायला जायचंय?" त्याने विचारलं.

"जायला हवं."

"मग बाण दुसऱ्या कुणाच्या हातात दे. मी नुसता लाँचवर बसेन. ती येईलच."