विधवा कोणाची?

बाबांच्या तेराव्याचं जेवण उरकलं आणि धाकट्या धनेसरकाकाने आमच्या उसाच्या शेतावर हक्क सांगितला. म्हणे, भागीरथदादाला बायकोच नव्हती.

आई हसली. "मग इतकी वर्षं ह्या घरात कोण राबत होतं रे? भूत?"

फ्लाकच्या कोर्टात मात्र कुणी हसलं नाही. मॉरिशसवर राज्य इंग्रजांचं, न्यायाधीश साहेबही इंग्रज; पण कायदा त्यांच्याआधीचे फ्रेंच ठेवून गेलेले. त्या कायद्यात लग्न म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर झालेलं. आईबाबांचं झालं मांडवात, अग्नीसमोर. आईला दोन्ही भाषा परक्या. म्हणून मध्ये दुभाषा उभा होता, आमच्याच गावचा शिवगोबिनकाका.

"लग्न झाल्याला साक्षीदार कोण?" साहेबाने विचारलं.

"हे काय, समोरच उभे आहेत!" आईने शिवगोबिनकाकाकडे बोट केलं. "पंगतीत ह्यांनीच पुऱ्या वाढल्या. सांगा ना भावजी!"

काकाने मान खाली घालून ते इंग्रजीत सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हता. हा कायदा मी केलेला नाही, म्हणाला. पण अख्ख्या गावाने साक्ष दिली तरी मांडवातलं लग्न त्यात बसत नाही. आई बायको नाही, म्हणून मी त्यांची मुलगी असूनही वारस नाही.

निकालात आईसाठी एक फ्रेंच शब्द होता. तिथे काका अडखळला. साहेबाने दरडावलं.

"वहिनी," काका पुटपुटला, "ते म्हणतात, तुम्ही भागीरथदादाच्या... ठेवलेल्या."

आईने पदर डोक्यावर ओढला. "मग मी बांगड्या कशाला फोडल्या? विचारा त्यांना. मी विधवा कोणाची?"

काकाने ते इंग्रजीत केलंच नाही. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाबांनी दगड वेचून वेचून केलेलं शेत गेलं. आम्ही साखर कारखान्याच्या मजूर वस्तीत राहायला गेलो आणि आई गोऱ्या मालकाच्या उसात खुरपायला जाऊ लागली. शिवगोबिनकाका एकदा लिची घेऊन आला होता. आईने दार उघडलं नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मांडवाआधी आईने मला सरकारी कचेरीत नेलं. कारकुनाने बापाचं नाव विचारलं.

"भागीरथ," मी म्हणाले.

त्याने माझा जन्मदाखला उलटसुलट पाहिला. "ह्यात बापाचं नावच नाही."

मी भांडायला तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला.

"लिहा साहेब, बाप नाही," ती म्हणाली. "पोरीचं लग्न तरी खरं होऊ द्या."