किनारीबाहेरची फरशी

मित्रांनो, तुम्ही ज्यांच्यावर बसता, परंतु ज्यांच्याकडे क्वचितच पाहता, त्यांपैकीच मी एक जुनी सतरंजी. एके काळी माझे पट्टे गडद निळे आणि तांबडे होते. आज ते धुतलेल्या पाटीसारखे दिसतात. या वार्धक्याची मला लाज नाही. लाज वाटते ती निराळ्याच गोष्टीची.

माझा जन्म हातमागावर झाला. ज्या हातांनी मला विणले, त्यांनी धागा न् धागा ठोकून बसवला, म्हणून मी टिकले. अंबाजोगाईच्या बाजारातून मला तलवाड्याजवळच्या एका वस्तीवरील शाळेत आणले गेले. आरंभी माझा मोठा मान होता. पाहुणे यायचे असले की प्रथम माझी आठवण होई. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी पोषण आहाराच्या तांदळामागे झाली. तेथे उंदरांनी माझा एक कोपरा कुरतडला.

मला पुन्हा उजेडात आणले ते मंजुषाबाईंनी. शाळेत नव्यानेच आलेल्या या शिक्षिका मनाने निर्मळ होत्या. दिवाळीनंतर त्यांनी एक सुंदर उपक्रम आरंभला. शनिवारी शाळा सुटली की महादेवाच्या सभामंडपात मला अंथरायचे. प्रत्येक मुलाने घरचे एक मोठे माणूस आणायचे आणि शेजारी बसून त्याला गोष्ट वाचून दाखवायची. माझ्यासारखीला आणखी काय हवे होते?

परंतु दिवाळीनंतरच आमच्याकडील निम्म्या घरांना कुलपे लागतात. माणसे ऊसतोडीला जातात, ती चैत्राच्या सुमारास परततात. बाईंना हे ठाऊक नव्हते असे नाही. नियम करताना मात्र ते आठवले नाही.

चौथीतल्या सायलीचे आईवडील असेच कर्नाटकात तोडीवर गेले होते. घरी अंथरुणाला खिळलेली आजी तेवढी होती. पहिल्या शनिवारी सायली एकटीच आली.

"तुझ्यासोबत कोण आलंय?" बाईंनी विचारले.

"कोनी न्हाई."

"तुझं वाचन ऐकावंसं घरात एकालाही वाटत नाही? बस तिकडे. पुढच्या वेळी कुणाला तरी घेऊन ये."

सायली माझ्यावर बसली नाही. माझ्या किनारीपासून वीतभर दूर, गार फरशीवर बसली. माझ्यावर जागा पुष्कळ होती. पण तेवढी वीत सरकणे मला साधले नाही. बसणाऱ्यांसाठीच जिला विणले, तिच्यादेखत एक लेकरू फरशीवर बसले. त्या लाजेने मी आतल्या आत विरले.

पुढच्या शनिवारी सायली दानम्मांचे बोट धरून आली. मंदिरासमोरचे किराणा दुकान त्यांचे. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी.

"बाई, ही माजी आत्या," सायली खाली मान घालून म्हणाली.

"आत्या कुठली बे!" संगमेश शेजारच्या मुलाला कोपराने ढोसत ओरडला. "ही तर माजी आज्जी हाय!"

सारा मंडप हसला. सायलीने पुस्तक छातीशी घट्ट धरले आणि पाठ फिरवली. आज ती गेली असती तर पुन्हा कधीच आली नसती, हे तिच्या पावलांवरूनच मला कळले. दानम्मांनी तिचा हात सोडला नाही.

"बस गं. आन् संग्या, दात काढू नको, लई शाना हायेस! आज मी तुजी आज्जी न्हाई, हिची आत्या हाय." मग त्या बाईंकडे वळल्या. "पोरगी कवाधरनं दुकानात उभी. काय पायजे म्हणलं तर बोलंना. मग हळूच म्हणती, काकू, जराशी माजी आत्या व्हता का? बाई, हिची माय तिकडं कोयता चालवतीया. तिनं यावं तरी कसं?"

बाईंची मान खाली गेली. त्या सायलीपुढे माझ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "चुकलं माझं, बाळा." मग त्यांनी मोठ्याने विचारले, "आणखी कुणी एकटं आलंय का?"

तेव्हा मंडपाच्या खांबांआडून, पायऱ्यांवरून एकेक मूल पुढे आले. इतकी लेकरे तेथे होती आणि मला त्यांचा पत्ताही नव्हता!

सायली अडखळत वाचू लागली. "आगं बया! मग पुढं?" असे दानम्मा विचारीत, आणि तिचा आवाज मोकळा होत जाई. त्यानंतर दर शनिवारी गावातून उसन्या आत्या, उसने काका, उसने आजोबा येऊ लागले. संगमेशने तर आपली आज्जी सायलीसाठी स्वतःच ओढून आणली.

चैत्रात कडूबाई, सायलीची आई, परतली. त्या शनिवारी ती मंडपाच्या पायरीशीच थबकली.

"माजे पाय लई फुटलेत. सतरंजी खराब व्हईल," ती पुटपुटली.

दानम्मा सरकल्या. सायलीने आईला हाताला धरून आणले. पदराखाली पाय झाकून कडूबाई बसली. वाचन चालू होते, तोवर तिचे खरबरीत बोट माझा एक सुटलेला धागा गुंडाळीत राहिले.

"समदं वाचतीस की गं! कवा शिकलीस?"

"तू न्हवतीस तवा."

सायलीने पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडले. "आता तुज्यासाठी पयल्यापासनं वाचते," ती म्हणाली, आणि आईला अगदी खेटून बसली.

मित्रांनो, मला झटकावे, ऊन दाखवावे, उंदरांपासून जपावे, अशी माझी विनंती आहेच. परंतु मला अंथराल तेव्हा आधी माझ्या किनारीबाहेर पाहा. तेथे फरशीवर कोणी बसले असेल, तर मला सरकता येत नाही. तुम्हाला येते.