निर्व्यसनी नवरदेवाचं रिमिक्स

पायलला खर्ऱ्याची किळस होती, आणि ती साधीसुधी नव्हती. मारेगावच्या बसस्टँडवर कुणी खर्ऱ्यासाठी प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घोटायला लागलं, की त्या घसघशीनंच ती ओढणी नाकाला लावून लांब जाऊन उभी राहायची. घरात बाप होता ना समोर, बळीराम. जन्मभर गालात खर्रा, आणि आता तोंड बोटभरही उघडत नव्हतं. पातळ वरण चमच्याच्या टोकानं आत सोडायचं, अर्धं हनुवटीवरून ओघळायचं, ते पायलनंच पुसायचं. म्हणून लग्नाला तिची एकच अट होती, नवरा निर्व्यसनी हवा. अंकुरच्या बायोडाटात तो शब्द ठळक अक्षरात होता.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात अंकुर भेटायला आला, सोबत त्याचा जिगरी दोस्त सोनू. हा सोनू म्हणजे उतू जाणारा उत्साह. वरातीत डीजे लावायचा आणि रिकामा असला की मोबाइलवर गाण्यांची मोडतोड करत बसायचा.

"वहिनी, तुमच्यासाठी घरीच बनोलं. अंकुर पेशल मिक्स!" म्हणत त्यानं स्पीकर बळीरामच्या खाटेजवळच ठेवला.

सुरुवातीला मजा वाटली. हळदीच्या गाण्यात मोटारसायकलचा हॉर्न, मधेच अंकुरचं खिदळणं, मग बकरीचं बें बें. पायलही हसली. मग ठेका सुरू झाला.

घस-घस, घस-घस, थू. घस-घस, घस-घस, थू.

त्यावर अंकुरचाच आवाज, सोनूनं तीन-तीनदा वाजवलेला. "सोन्या, खर्रा आन, खर्रा आन, खर्रा आन! तंबाखू जास्त, जास्त, जास्त!" आणि पुन्हा ती ओली पिचकारी. शी! आपल्या कानातच कुणी थुंकल्यासारखं तिला झालं.

"बंद करा ते," ती म्हणाली. मग अंकुरकडे वळली. "तुमी त निर्व्यसनी लिहिलं होतं."

अंकुर खरोखरच गोंधळला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा नव्हता तो, आणि तिला त्याचीच जास्त शिसारी आली.

"मंग? मी दारूले हात नाही लावत, पत्ते नाही खेळत. खर्रा कायचं व्यसन व? तो त सारेच खातात." तिचा चेहरा पाहून तो घाईघाईनं म्हणाला, "बरं, सोडला. आताच सोडला. मायची आन!"

पायल जराशी विरघळली. माणूस वाईट नव्हता, पाहुण्यांना निरोपही गेले होते.

तेवढ्यात बळीरामचा हात पुढे आला. तळवा पसरून त्यानं दातांच्या फटीतून शब्द ढकलले. "आन... थोडा."

वडीलधाऱ्यानं खर्रा मागितला तर नाही म्हणायचं नाही, ही तिकडची रीत. अंकुरचा हात आपसूक खिशात गेला. "घ्या ना, मामाजी," म्हणत त्यानं अदबीनं पुडी होणाऱ्या सासऱ्याच्या तळव्यावर ठेवली. ठेवल्यावर त्याला कळलं.

बळीरामनं ती तोंडाकडे नेली नाही. लेकीसमोर धरली. "पायल... हाच सोडला म्हंते हा."

पन्नी खिशातल्या घामानं कोमट, चिकट झाली होती. पायलनं ती दोन बोटांत उचलून स्पीकरवर ठेवली आणि बोटं ओढणीला पुन्हा पुन्हा पुसली.

"सोनूभाऊ, गाणं जपून ठेवा," ती म्हणाली. "तुमच्या दोस्ताच्या लग्नात वाजवजा. नवरी तेवढी दुसरी पाहून घ्या."