मुलाकडची माणसं

"मुलाकडचं कोण आलंय? एक तरी माणूस दाखवा, आत्ता निकाह लावतो!" फरजने भर गल्लीत आवाज चढवला.

त्याचा होणारा जावई मुतह्हर मान खाली घालून उभा होता. पोरगा ताइझचा, उत्तरेकडचा. दोन्ही येमेन एक झाले तेव्हा आमच्या एडनच्या शाळेत शिकवायला आला आणि इथलाच झाला. आता दक्षिणेला पुन्हा वेगळं व्हायचं होतं, उत्तरेच्या तोफा शहराच्या तोंडाशी आल्या होत्या आणि त्याचे आईबाप त्या तोफांच्या पलीकडे अडकले होते. फरजला हे काय ठाऊक नव्हतं? त्याला लग्न मोडायचं होतं, दुसरं काही नाही. आत त्याची लेक इल्हाम मेंदीचे हात घेऊन रडत बसली होती.

"मी आहे मुलाकडचा."

वळून बघते तर आमचे हे! अवद, बंदरावर क्रेन चालवणारे. वेगळ्या दक्षिणेचा झेंडा गल्लीत सगळ्यांत आधी आमच्या गच्चीवर लागला. आमचा एकुलता एक हैसम दक्षिणेकडून लढायला गेलेला आणि त्याची कित्येक दिवस खबर नव्हती. लढाई सुरू झाल्यापासून हे उत्तरेचं नाव घेतलं की थुंकायचे.

"डोकं फिरलं का तुझं, अवद? ह्याच्याच लोकांच्या गोळ्या तुझ्या पोरावर सुटतायत!"

"म्हणूनच," हे म्हणाले. "माझा पोरगा तिकडं एकटा पडला, तर त्यांच्यातलं कुणीतरी त्याच्या बाजूला उभं राहायला हवंय मला. मग मी इथं कुठल्या तोंडानं बसू?"

मला रडू कोसळलं. तशीच घरात गेले आणि हैसमच्या लग्नासाठी शिवून ठेवलेला कोट काढला. मुतह्हर बुटका. बाह्या आत दुमडून टाके घातले.

मग काय विचारता! नळ कोरडे होते, तरी घराघरातून भातासाठी तांब्या तांब्या पाणी आलं. डफ वाजायला लागला. बायकांनी आनंदाने असे काही चीत्कार केले की तोफा कुणाला ऐकूच येईनात. हे वरातीत पुढे, छाती काढून.

दारात पोचल्या पोचल्या ह्यांनी नाक मुरडलं. "चहा एवढा पातळ? आम्ही ताइझची माणसं, असला पाहुणचार चालवून घेणार नाही!"

अख्खी गल्ली खो खो हसली. फरज बघतच राहिला. त्याचे सख्खे भाऊसुद्धा वरातीत येऊन उभे होते.

"अरे, मुलीकडं कुणीतरी थांबा रे!" तो ओरडला आणि त्यालाच हसू फुटलं. "या व्याहीबुवा, आत या." ह्यांना त्याने घट्ट मिठी मारली. निकाह लागला.

सकाळी मुतह्हर कोट परत घेऊन आला. मोगऱ्याचा वास अजून होता त्याला. मी खिडकीशी बसून टाके उसवले, बाह्या पुन्हा हैसमच्या मापाच्या केल्या आणि कोट खुंटीला लावला.