विश्राम गटातली माणसं

रविवारी सकाळी नेरूळच्या त्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आलेल्या निम्म्या लोकांचे पायच धड चालत नव्हते. मंचावर ताम्रानंद महाराज होते. गळ्यात तांब्याची साखळी, हातात माइक, मागे भला मोठा पडदा.

“बोला, ही अंधश्रद्धा आहे का?”

“नाही!” सभागृह गरजलं.

“हे सायन्स आहे, सायन्स! आपल्याकडे कंट्रोल ग्रुप आहे, तुलनेचा गट! दुसऱ्या कुठल्या महाराजांकडे आहे?”

ते मात्र खरं होतं. तीन महिन्यांपूर्वी इथेच साठ वयस्कर माणसांच्या चिठ्ठ्या काढल्या होत्या. तीस जण साधना गटात. त्यांनी रोज दहा मिनिटं तांब्याच्या पाटीवर अनवाणी उभं राहून श्वासाचा व्यायाम करायचा, बाकी दिनक्रम नेहमीचा. उरलेले तीस विश्राम गटात. त्यांना पाटी नाही, व्यायाम नाही, चालणंही नाही. “तुम्ही चाललात तर प्रयोग बाटेल,” महाराजांनी बजावलं होतं, “आणि साधना करणाऱ्यांना बाधा होईल.” तीन महिन्यांनी त्यांनाही पाटी मिळणार होती.

दमयंतीच्या नवऱ्याची, गोवर्धनची चिठ्ठी विश्राम गटात निघाली. उभा जन्म होडीवर गेलेला माणूस. होडी विकली तरी रोज सकाळी गावातून खाडीवरच्या जेट्टीपर्यंत चालत जायचा. आता ते बंद. दमयंतीने एखादं व्रत पाळावं तसं हे पाळलं. तांब्याभर पाणीसुद्धा हातात नेऊन दिलं. तो एकदा दाराशी चपला शोधताना दिसला, तेव्हा तिने त्या उचलून माळ्यावर ठेवल्या.

आता मंचावर परीक्षा चालू होती. अर्ध्या मिनिटात खुर्चीतून किती वेळा उठता येतं, एवढंच मोजायचं. साधना गटातले उठले: अकरा, बारा, अकरा. मग विश्राम गट: सहा, पाच. गोवर्धन पाचव्यांदा उठला, खुर्चीचा हात धरून खाली बसला, आणि पुन्हा उठला नाही. मागे पडद्यावर अक्षरं उमटली, ‘दुप्पट शक्ती!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. आपला नवरा उठू शकला नाही म्हणून लोक टाळ्या वाजवताहेत, हे दमयंतीला दिसत होतं. राग यायला हवा होता. काहीच आलं नाही. आत सगळं बधिर होतं.

“आता दुसरी फेरी!” महाराजांनी चिठ्ठ्यांचा डबा उंच धरला. “नवे साठ भाग्यवान!”

दमयंतीने सवयीने बटव्यातलं गोवर्धनचं कार्ड चाचपलं. पहिल्या दिवशीची मोजणी लिहिलेलं ते कार्ड महाराजांनी कुंकवाचं बोट लावून प्रत्येकाला प्रसाद म्हणून दिलं होतं. ‘जवळ बाळगा, टाकू नका.’ कोणी टाकलं नव्हतं. तिने ते बाहेर काढून शेजारच्या जयमालाबाईंपुढे धरलं. या निवृत्त विज्ञानशिक्षिका, बाजारात दमयंतीकडूनच मासळी घेणाऱ्या. गुडघ्यासाठी, सोसायटीतल्यांच्या आग्रहाने, त्या साधना गटात आल्या होत्या.

“बाई, हे चवदाच हाय ना?”

“चौदाच.” जयमालाबाईंनी आपलं कार्ड काढलं. बघत राहिल्या. मग उठून तडक मंचावर गेल्या आणि माइक घेतला.

“मघाशी मी अकरा वेळा उठले. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मी घेतल्या. पहिल्या दिवशीचा माझा आकडाही अकराच आहे. सगळ्यांनी आपापली कार्डं काढा बरं.”

“माताजी, कार्ड पवित्र आहे, असं उघड्यावर...”

पण बटवे उघडले होते, पाकिटं निघाली होती. “माझे बारा होते, आजही बारा!” साधना गटातून आवाज आला. “माझे तेरा होते, आज सहा,” विश्राम गटातून कोणीतरी म्हणालं.

“पाटीने कोणाला काही दिलेलं नाही,” जयमालाबाई म्हणाल्या. “तीस जण होते तिथेच राहिले. उरलेल्या तिसांना बसवून ठेवून खाली आणलं. जो फरक पडला, त्याला हे शक्ती म्हणतात.”

महाराज हसले. “कंट्रोल ग्रुप असाच असतो, माताजी. विज्ञानासाठी त्याग लागतो.”

“तुलनेला दुसरा गट हवाच. पण त्यांना साधा लाकडी पाट द्यायचा होतात. व्यायाम तोच, चालणं तेवढंच. मग तांब्यात काय आहे ते कळलं असतं. म्हातारं माणूस बसून राहिलं की पायातलं बळ जातं, हे डॉक्टरांना माहीतच आहे. तरी त्यांना बसवलंत, आणि हे त्यांना सांगितलंही नाहीत. सांगितलं असतंत तर एक तरी माणूस हो म्हणाला असता का?”

दमयंती जागेवरूनच बोलली. आवाज सपाट होता. “महाराज, यांचे चवदा होते. नऊ कुठं गेले?”

महाराजांनी डबा खाली ठेवला. नव्या साठांतला एक जण पुढे आला, डब्यातली आपली चिठ्ठी शोधून खिशात घातली आणि निघाला. मग दुसरा. मग रांगच लागली.

“आमी व्रत मोडलं नाय,” गोवर्धन खुर्चीतून पुन्हा पुन्हा सांगत होता. “एक दिवस मोडलं नाय.”

निघताना जयमालाबाईंनी दमयंतीचा हात धरला. “रोज थोडं थोडं चालवा. बळ बरंचसं परत येईल, पण वेळ लागेल. आणि कोणी दुप्पट, तिप्पट दाखवलं की दोन गोष्टी विचारायच्या. सुरुवातीला किती होतं? आणि समोरच्या गटाचं काय केलंत?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दमयंती स्टुलावर चढली. माळ्यावरच्या चपलांवर धूळ बसली होती. तिने ती पदराने पुसली आणि चपला त्याच्या पायात घातल्या. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. दोघं बाहेर पडली. शेजारच्या ओट्यापाशी तो थांबला, बसला, धापा टाकू लागला.

“जेट्टी?” त्याने विचारलं.

“उद्या त्या खांबापर्यंत जाव,” ती म्हणाली, आणि त्याची धाप ओसरेपर्यंत शेजारी उभी राहिली.