वाघदेवाच्या वाटेवरचा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी दरवाजा आहे. मूळचं ऐनाचं झाड. तलासरीच्या डोंगराकडे एक तळं आहे, त्याच्या वाटेवर मी उभा होतो आणि माझ्या बुडाशी वाघदेवाचा दगड. दोन हजार चौदात वादळानं मला पाडलं. म्हातारे म्हणाले, "देवाचं लाकूड आहे, हात लावू नका." पण साहेबलोक तळ्याकाठी फिरायला येणाऱ्यांसाठी पाळणे, बाकडी बसवत होते, लाकूड पायजे होतं. मग काय, कापलाच मला, आणि दरवाजा करून त्याच वाटेवर उभा केला!

गुरं शिरू नयेत म्हणून माझं तोंड बारीक ठेवलं. माणूस अंग चोरून जाईल, गाय नाही जायची. चारोटीकडून मोटारी यायच्या, लोक मला टेकून फोटो काढायचे. मजा होती.

पण दिवस कलला, वारा पडला, की गुरगुर व्हायची. माझ्याच अंगातून आल्यासारखी. साहेबलोक म्हणायचे, "बिजागरीला तेल घाला." तेल घातलं. तरी गुरगुर होतीच.

पाड्यातली योगिता पायांनी अधू. तीनचाकी सायकल मिळाली तशी ती आधी इथंच आली. तळं तिनं कधी बघितलंच नव्हतं. चाकं माझ्यात अडकली आणि गुरगुर झाली. राखणदार चिमणकाका पांढराफटक.

"बाय, मागं फिर. देवाला तू नको."

"आणि मोटारीतली चालतात त्याला?"

काकानं तिची सायकल मागं ओढली. पुढं कितीक वर्षं पोरी आत पाळण्यावर, ही बाहेर, त्यांचं हसणं ऐकत.

मग एका वाघबारशीला, वाघदेवाच्या सणाला, अख्खा पाडा नारळ घेऊन निघाला. योगितानं सायकल परत माझ्यात घातली. अशी गुरगुर झाली की माणसं मागं सरली.

"देवाचा घास होशील गं!" कोणीतरी ओरडलं.

"होऊ दे. तळं बघून होते. काका, काढ हा दरवाजा."

काकानं हात जोडले, पहार घेतली, मला उपटला. पुढं चिखल होता, त्यात मलाच आडवा टाकला. तिची चाकं माझ्या पाठीवरून गेली.

तेव्हा परत गुरगुर झाली. माझ्यातून नाही हो! वारा नव्हता, तरी गवत हलत होतं, तिच्या चाकाच्या बरोबरीनं, थेट पाण्यापर्यंत. तिनं बाजूला हात नेला, कुत्र्याला कुरवाळतात तसा. आणि हसली.

इतकी वर्षं वाघदेव तिच्यावर नव्हताच गुरगुरत. माझ्यावर गुरगुरत होता.

मित्रांनो, दरवाजा करताना गाईचं माप घेता, तसं सगळ्या माणसांचंपण घ्या. मी इथं चिखलात कुजलो तरी चालेल. फक्त मला परत उभा करू नका. तो अजून गवतात आहे.