सुदामने मोठ्याने वाचलेली कादंबरी

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. पुण्यातल्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. माझ्या पानांत दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतली प्रेमकथा आहे. नवी जमीन शोधायला पश्चिमेकडे निघून गेलेला जोसेफ आणि मागे राहिलेली त्याची बायको एलन.

हरिदास नावाच्या ड्रायव्हरने मला कतारला आणले. कायमचा गावी परतताना तो मला रास लफान या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या खोलीतच विसरला. पुढे दोन वर्षे माझ्यावर गरम पातेली टेकत राहिली. माझा कणा उसवला.

मग खोलीत सुदाम आला. जालन्याकडचा वेल्डर, जेमतेम सातवी शिकलेला. त्याने मला पुसले, डिंकाने चिकटवले.

त्याचे एक दुखणे होते. बायकोला न विचारता त्याने कामाचा करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला होता. तेव्हापासून दुर्गा फोनवर फक्त म्हणायची, “जेवलात? बरं. ठेवते.”

एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो तिला फोनवर घाबरत म्हणाला, “एक गोष्ट वाचू का?”

ती नाही म्हणाली नाही.

ओळीवर बोट ठेवून, अडखळत तो वाचू लागला. जोसेफ निघून गेला तशी दुर्गा उसळली, “बायकूला न इचारता गेला? असला कसला नवरा!”

सुदाम थांबला. “चुकलं, दुर्गे. जोसेफचं नाही, माझं.”

मित्रांनो, मी शूर माणसांच्या गोष्टी पोटात घेऊन जगते. पण त्या क्षणी मला सुदामच शूर वाटला.

मग दुर्गा शुक्रवारची वाट पाहू लागली. खोलीतले सोबतीही टीव्ही बंद करून म्हणायचे, “यल्ला, सुदामभाऊ, चला, वाचा!” शेवटून दुसऱ्या प्रकरणात एलन स्वतः गाडीला घोडे जुंपून निघाली, आणि दुर्गा म्हणाली, “म्या बी येते. तुम्ही कसं ऱ्हाता ते बघायचंय मला.”

“इथं नुसतं ऊन हाय गं.”

“तिच्या वाटंत तर डोंगर व्हते.”

जानेवारीत ती पंधरा दिवसांसाठी खरेच आली. दोहा शहरातल्या बिन महमूद भागात ओळखीच्या घरी खोली मिळाली. समैस्मा गावाच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून सुदामने शेवटचे प्रकरण उघडले. जोसेफला दुरून एलनची गाडी दिसली, तिथे सुदाम थांबून डोळे पुसू लागला. दुर्गाने मला हातात घेतले आणि उरलेले सगळे खणखणीत वाचून काढले. एकदाही न अडखळता.

“इतकं सुरेख वाचतीस तू?” सुदाम बघतच राहिला.

“तुम्ही कवा इचारलंत?”

घरात एखादे पुस्तक धूळ खात असेल तर पुसून घ्या, मित्रांनो. ते आपल्या माणसाच्या हाती द्या आणि “वाचून दाखव” म्हणा.

परवा सुदामपुढे करार वाढवण्याचा कागद पुन्हा आला. पेन खिशातच ठेवून त्याने आधी दुर्गाला फोन लावला.